साडेचार महिन्यांची रजा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शर्ट कारखान्याचे मालक, व्यासपीठावर बसून माझी नजर चुकवणारे मॅनेजरसाहेब, पहिल्या रांगेत रुमाल सरसावून बसलेल्या माझ्या नणंदबाई, आणि कटिंग, शिलाई, इस्त्री विभागांतल्या माझ्या मंडळींनो,

मी अर्ज दिला होता रजेचा. साडेचार महिन्यांच्या. कारणही स्वच्छ लिहिलं होतं, केमोथेरपी. मिळालं काय? निरोप समारंभ! मॅनेजरसाहेब आत्ता म्हणाले, "बाई फार कष्टाळू होत्या." होत्या? अहो साहेब, तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होते मी! आणि हा माझा मोठा केलेला फोटो, फ्रेमसकट. वॉचमनभाऊंनी त्याच्यासाठी कटिंग टेबलामागे खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. घाई तरी किती!

केमो म्हणजे नक्की काय, असं एकानं तरी विचारलंत मला? नाही. चेहरे पाडून मोकळे झालात. मग ऐकाच. येत्या सोमवारी पहिला डोस. खुर्चीत बसायचं, हातात सुई, चार-पाच तास सलाईन. असे सहा, दर तीन आठवड्यांनी. उलटीवरची गोळी आधीच देतात. दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतील, म्हणून मी आधीच बारीक करून घेणार. तोंडाची चव जाईल, म्हणजे आपल्या कॅन्टीनचा चहा मला पहिल्यांदाच सोसेल. ताप आला तर घरगुती काढे नाहीत, तडक हॉस्पिटल. आणि सर्दी-खोकला घेऊन भेटायला येणाऱ्यांनी आपलं प्रेम आपल्याच घरी ठेवावं. नणंदबाई, तुम्हीसुद्धा.

हसताय? हसा. पण डॉक्टर म्हणाले, बोटं बधिर होऊ शकतात. पुष्कळांची नंतर हळूहळू सुधारतात, पण हमी कोण देणार? त्याची मात्र मला भीती वाटते. केसांची नाही, बोटांची. सिस्टरनं आधीच विचारून ठेवलंय, सुई कुठल्या हातात टोचू? म्हटलं, उजव्या. डावा कामाचा आहे.

आणि तुम्ही काल काय केलंत? माझी कात्री उचलून माझ्या जागी आलेल्या नव्या कटिंग मास्तरांना दिलीत! बावीस वर्षं मी डाव्या हातानं कापतेय, ती कात्री डावखुरी आहे, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? मास्तरांनी सकाळपासून अठरा कॉलर वाकड्या कापल्या. मास्तर, तुमचा काही दोष नाही. पण ज्यांनी दिली त्यांनी एकदा तरी माझ्या टेबलाकडे बघायचं होतं.

असो. मालकसाहेब, अर्जाची दुसरी प्रत पिशवीतच आहे, पेन तुमच्या खिशाला दिसतंय. करा सही. हं, झाली. आभारी आहे.

फुलांबद्दल, चहाबद्दल, तुमच्या रडण्याबद्दलही सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला, बावीस वर्षं घालतच आलात. फोटो मी घरी घेऊन जाते. मास्तर, कात्री द्या बघू इकडे. वॉचमनभाऊ, ही घ्या, त्या खिळ्याला टांगा. आणि मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.