माशांच्या टाकीचा प्लग

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे आपल्या वसतिगृहाचे सचिव साहेब, कार्यकारिणीचे सदस्य, समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आज या हॉलला पताका लागल्या त्या आमच्या मावशी, सर्वांना मनापासून नमस्कार.

काल सचिव साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तू पदवीधर आहेस, शाळेत विज्ञान शिकवतेस. मुलींच्या वतीने दोन चांगले शब्द बोल." आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणवत नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "मोठ्या माणसांसमोर बोलायचंय, जपून बोल. आणि घाबरू नकोस." दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

अध्यक्षबाई, तुमचं येणं वर्षातून एकदा होतं, म्हणून इथली रीत आधी सांगते. सकाळी आम्ही सगळ्या कामाला गेलो की मावशी झाडलोटीला खोल्याखोल्यांतून फिरतात आणि प्लग काढतात. चार्जर, इस्त्री, किटली, टीव्ही, कोणाचीही गय नाही. जे चालू राहायलाच हवं, म्हणजे जिन्याजवळचा फ्रिज किंवा पाण्याचा पंप, त्याच्या वायरीला पिवळी फीत बांधलेली असते. फीत दिसली तर मावशी हात लावत नाहीत. फीत बांधायची जबाबदारी वस्तू ज्याची त्याची.

यावरून भांडणं झाली नाहीत असं थोडंच आहे? आमची नर्सताई एकदा रात्रपाळी करून आली ती तणतणतच. "मावशी, माझा चार्जर का काढला?"

"तुझा फोन कुठे होता?"

"माझ्याजवळ, पर्समध्ये."

"मग भिंतीला लटकून तो चार्जर कोणाला दूध पाजत होता?"

नर्सताई हसली, तिथेच भांडण संपलं. (बघा, आत्ताही हसतेय.)

मी वर्गात मुलांना हेच शिकवते. स्वतःच्या बटणाने बंद केलेलं प्रत्येक यंत्र पुरतं बंद नसतं. टीव्हीचा तो लाल ठिपका, मायक्रोवेव्हचं घड्याळ, रिकामा चार्जर, सगळे झोपेतही थोडीथोडी वीज पीत राहतात. सचिव साहेब एका बैठकीत म्हणाले होते, "त्या चिमूटभर विजेने काय जग वाचणार आहे?" नाही वाचणार, साहेब. मी खोटं बोलणार नाही, चिमूट ती चिमूटच. पण जी वीज कोणाच्याच कामाला येत नाही, तीही कुठेतरी काहीतरी जाळूनच तयार होते ना? घरात माणूस नसताना नळ ठिबकत ठेवणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का? मग इथे चिमटीला हसायचं कशाला?

आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी विजेचा दाब अचानक वाढला. समोरच्या इमारतीतले टीव्ही धडाधड गेले. आपलाही फ्रिज बिघडला, कारण तो चालू होता. खोल्यांमधलं मात्र काहीच गेलं नाही, कारण सगळे प्लग बाहेर होते. आणखी एक वस्तू जळाली, ती म्हणजे सचिव साहेबांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. त्या खोलीत जायची मावशींना तेव्हा परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गावी जाण्याची परवानगी मागायला ऑफिसात गेले होते. साहेबांनी माझ्यासमोर मावशींना हाक मारली आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्याही खोलीतले प्लग काढत जा. मी नसलो की सगळे. मला विचारायचं नाही." मावशी म्हणाल्या, "चालू ठेवायचं असेल त्याला फीत बांधा." साहेब म्हणाले, "माझ्या खोलीत फितीबिती नकोत. बरं दिसत नाही."

माझ्या कानांनी ऐकलं आहे. साहेब, चुकत असेन तर आत्ता, इथेच सांगा.

नंतर ऑफिसात काचेची टाकी आली. रंगीत मासे, हिरवे दिवे, बुडबुडे सोडणारा पंप. आम्हीही डोकावून बघायचो. सुट्टीवर जाताना साहेबांनी पंपाच्या वायरीला फीत बांधली नाही आणि जाताजाता कोणाला सांगितलंही नाही. मावशींनी सांगितलेलं काम केलं, पंपासकट सगळे प्लग काढले. मासे मेले. जिवांचं मरण लहान नसतं. मावशी स्वतः त्या टाकीसमोर बसून रडल्या. पण त्याचा दोष कोणाच्या माथी आला?

मावशींनी अजून दोन वर्षं काम मागितलं होतं आणि त्यांना होकारही मिळाला होता. मासे गेले आणि होकार फिरला. फलकावर सूचना लागली की मावशी वयोमानामुळे स्वेच्छेने निवृत्त होत आहेत आणि यापुढे कोणीही प्लगला हात लावायचा नाही. स्वेच्छेने? मावशींची जिन्याखालची खोली कामाबरोबर जाते. मग बहिणीच्या सुनेच्या दारात, तिच्या मर्जीवर राहायचं. ही कोणाची इच्छा आहे?

आज सकाळी मी मावशींना विचारलं, "बोलू का? तुमचं आणखी नुकसान तर होणार नाही?" त्या म्हणाल्या, "अगं, जायचंच तर खरं सांगून जाऊ दे. माशांचं पाप माझ्या नावावर नको. तुझी खोली मात्र जाईल हं, पोरी." जाईल कदाचित. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते आणि ती वाढवणं साहेबांच्या हातात आहे. पण पदवी घेऊन जर मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला कचरणार असेन, तर वर्गात फळ्यापुढे उभं राहायचा मला काय अधिकार?

अध्यक्षबाई, कामावर ठेवायचं की नाही यात शेवटचा शब्द तुमचा असतो. आम्हा मुलींचं मागणं आहे की मावशींची दोन वर्षं त्यांना परत द्या आणि ती सूचना काढा. काढली नाही, तर उद्यापासून आपापले प्लग आम्ही काढू. किती जणींवर कारवाई करायची ते ठरवावं लागेल. ज्यांची तयारी आहे त्यांनी हात वर करा.

मागच्या रांगेतल्याही? बघा, अध्यक्षबाई. मोजत बसत नाही, तुम्हाला दिसतंय.

मला बोलायला दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. वयाने लहान आहे. आवाज चढला असेल, मान राखण्यात कमी पडले असेन, तर पोटात घाला. जे घडलं ते सांगितलं, त्याची क्षमा मात्र मागत नाही. आता कार्यक्रमात भेटवस्तू देणं आहे, असं दिसतं. मी खाली बसते. मावशीही बसूनच राहतील.