एकशे आठवा रविवार

नाही नाही, अशी नाही धरायची काठी — लाटणं धरल्यासारखी धरलीत तुम्ही. आणि गळाला हे काय लावलंय, पाव? सिन्नरहून पहिल्या एसटीने आलात म्हणता, आणि गंगापूर धरणातल्या कटल्याला पाव खायला घालताय — तो काय आजारी आहे? बसा हो, रागावू नका, माझं बोलणंच असं. मी स्वतः मासे धरत नाही, आधीच सांगतो. धरत होतो, सोडलं. दोन वर्षं झाली, काठीला हात लावलेला नाही. या डब्यात? काही नाही, कणकेच्या गोळ्या आहेत. छे, गळाला लावायच्या नाहीत, नवसाच्या आहेत. सांगतो, वेळ आहे — आमची मंडळी वर मारुतीला गेलीय, अकरा प्रदक्षिणा घालते, गुडघे दुखतात म्हणून सावकाश. ती आली की या एकशे आठ गोळ्या मी एकेक करून माशांना घालायच्या आणि तिने शेजारी बसून मोजायच्या. प्रत्येक गोळीत चिठ्ठी, चिठ्ठीवर राम, तिच्या हातचं अक्षर. असे एकशे आठ रविवार. आज एकशे आठवा. आज सुटलो — सुटलो म्हणजे, नवस पुरा झाला हो.

सुरू केला तिने शहात्तर साली. तेव्हा ती येत नसे. ती माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही, आणि मला हा गळाचा नाद. घरी सांगायचो, रविवारी धरणावर हवा खायला जातो. तर म्हणाली, जाताच आहात तर एवढ्या गोळ्या माशांना घालून या. कसला नवस ते मी विचारलं नाही — बायकांचे असतात काहीतरी. काठी ठेवलेली धोंडीरामकडे, म्हणजे आमच्या चाळीतला शेजारी, कचेरीत शिपाई आहे. इथे यायचो, शंभर गोळ्या इमानदारीत पाण्यात टाकायचो, आणि आठ, फक्त आठ, गळाला. कधी वीस. आता ती कणीक तुपाचा हात लावून मळलेली, त्यात गूळ, वेलदोडा — कटला वेडा व्हायचा. लोक पेंडीत हिंग कालवतात, मध कालवतात, आणि मी आपला डबा घेऊन निवांत. आमचे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले होते विचारायला, आमिषात काय घालता म्हणून. सांगतो थोडाच. मासे अर्थात घरी नेता यायचे नाहीत, ते सगळे धोंडीरामकडे.

द्या इकडे ती काठी. धरत नाही, नुसतं दाखवतो. ही एक गोळी — एकीने काय होतंय — अशी चेपायची, गळाचं टोक दिसता कामा नये. आणि अशी टाकायची, आवाज न करता. हां. आता त्या बुचावर नजर ठेवायची आणि गप्प बसायचं.

तर सत्त्याण्णवावा रविवार. धोंडीरामची लताबाई मासा साफ करायला बसली, तर त्याच्या घशात अख्खी गोळी, गोळीत चिठ्ठी. लताबाईला वाचता येत नाही, पण अक्षराची ठेवण ओळखीची — तिची कळवणला माहेरी जाणारी पत्रं आमच्या मंडळीच लिहून देतात ना. तशीच धावत आली, हातसुद्धा न धुता, सगळी चाळ मागे. मालनताई, तुमचा राम आमच्या घरी आला म्हणते, डोळ्यांत पाणी. कुणी हळदकुंकू आणलं. मला वाटलं, निभावलं, चमत्कार म्हणून खपून जाईल. हात जोडले मी, खरं सांगतो, सगळ्यांच्या आधी जोडले. मालनने एवढंच विचारलं, मासा आला कुठून. आणि लताबाई भोळी, म्हणाली, भाऊच देतात की दर रविवारी.

लोक गेल्यावर मी म्हटलं, अगं गोळी माशाच्याच तोंडात गेली ना, म्हणजे पोचली. तर म्हणाली, "पोचली होती. तुम्ही ती परत घेतलीत." ओरडली असती तर मला जमलं असतं हो, ओरडण्याला उत्तर देता येतं. मग म्हणाली, "नवस कशासाठी ते विचारलंत कधी?" आणि सांगितलं. शहात्तरच्या उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला होता, एकवीस दिवस ताप हटेना, डॉक्टरांनी हात टेकलेले. तेव्हा बोललेली ती. म्हणजे त्या माझ्याच जिवाच्या गोळ्या, आणि मी त्यातल्या आठ आठ, वीस वीस — लाज वाटली. साफ लाज वाटली. पुढच्या रविवारी तिने पहिल्यापासून सुरू केलं. आणि स्वतः यायला लागली, गुडघे धरून, बसमध्ये उभी राहून. आणि गंमत बघा, गळ नाही म्हटल्यावर मासे कसे हाताशी येतात. एक कटला आहे, वीस किलोचा तरी असेल, कल्ल्यापाशी पांढरा डाग, दर रविवारी माझ्यासमोर तोंड वासून उभा. आणि ही शेजारी मोजतेय — एकोणसत्तर, सत्तर. मागच्या महिन्यात आपणहून म्हणाली, नवस पुरा झाला की खुशाल बसा गळ टाकून, मी नाही म्हणणार नाही. म्हणजे पुढच्या रविवारी मी मोकळा. दोन वर्षं थांबलो, आता आठ दिवसांनी काय —

बूच कुठे गेलं? बोलू नका. बोलू नका म्हणतो ना. तोच — काठी बघा कशी वाकली — तोच आहे, डाग पाहिलात? हळू, दमू दे त्याला, घाई केली की दोरी तुटते. तुम्ही जरा वर बघा. उतारावर हिरवं लुगडं दिसतंय का? दिसतंय. कुठवर आलंय?

अहो, डब्यात एकशे सात राहिल्या. आणि ती मोजते. एक कमी निघाली तर काही बोलणार नाही ती, पुन्हा एकपासून सुरू करेल, त्या गुडघ्यांनी, आणखी दोन वर्षं, माझ्यासाठी. चाकू द्या. चाकू नाही? चाकू न घेता मासे धरायला आलात? राहू द्या, दात आहेत मला.

गेला. गळ तुमचा गेला, माफ करा, त्याच्या तोंडातून पडेल तो गंजून कधीतरी. पण गोळी पोचली. पोचली, आणि परत घेतली नाही, साक्षीदार आहात तुम्ही — नाही, साक्षीदार नका होऊ. धरा तुमची काठी, पावच लावा, पावच बरा, आणि त्या खडकापलीकडे जाऊन बसा. आपण भेटलेलो नाही.

ये, सावकाश ये, तो दगड हलतोय. हे? सिन्नरचे आहेत कुणी, गाडीची वेळ विचारत होते. निघालेच. बस इथे. अगं, एक आधीच टाकली मी. हो, एकच. ओठाला? काही नाही, दोरीने — कुठली दोरी, डब्याचं झाकण लागलं. मोज तू, दोनपासून मोज. अगं, मोज ना.