कळण्याला पाय नसतात

शारदाक्का, आणि वाचनमंडळातील सुहृदहो,

आज आपण सारे ज्यासाठी जमलो आहोत, त्याविषयी बोलणे मला जड जाते आहे. शारदाक्का, तुमच्या यजमानांच्या, आपल्या गोविंदरावांच्या नावापुढे भूतकाळी क्रियापद लावण्याची सवय जिभेला अद्याप झालेली नाही. वाक्य अडखळले, तर सांभाळून घ्यावे.

चिकपेटेतील कापडदुकानाच्या माडीवर आपण दर रविवारी सतराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवाद्यांचे ग्रंथ वाचत आलो. त्यांनी बुद्धीला सिंहासनावर बसवले, असे मी सांगत असे. गोविंदराव विचारीत, "मास्तर, पुढची पाने का गाळता?" त्या पानांत त्याच तत्त्वज्ञांनी मांडले आहे, की इच्छा आकलनाच्या पुढे धावते, तेथे माणूस चुकतो, आणि मनाचा विकार नुसत्या युक्तिवादाने जात नाही, त्याहून प्रबळ भावनाच त्याला हटवते.

सहा आठवड्यांपूर्वी याच मुद्द्यावरून मी सर्वांदेखत त्यांना म्हणालो, की वाचताना ज्याला गहिवर येतो, त्याने आम्हांला तत्त्वज्ञान सांगू नये. गोविंदराव हसले.

"सरी, ठीक आहे, मास्तर. पण आत्ता तुम्हांला जो राग आला आहे, तो कोणत्या सिद्धान्तातून निघाला?"

आपण सारे हसलात. मी जिना उतरलो.

घरी पोहोचण्यापूर्वीच मला कळले होते, की त्यांचे बरोबर आहे. क्षमा मागितली पाहिजे, हेही कळले होते. त्यांचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांपलीकडे. मी गेलो नाही. पत्र लिहिले, भाषा शुद्ध करीत तीनदा उतरवून काढले. पाठवले नाही. मध्यंतरी त्यांचाच निरोप आला: वाद मास्तरांनी जिंकला असे धरा, पण चहाला या. तरीही गेलो नाही. गेल्या मंगळवारी ते गेले, तेव्हा गेलो. दाराबाहेर चपलांची रास होती.

कळते पण वळत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मी ते आळशांचे समर्थन मानीत असे. कळण्याला पाय नसतात, असे गोविंदराव म्हणत. त्याचा पुरावा मी स्वतः ठरलो. मला कशाने अडवले? अभिमानाने. त्याहून मोठे प्रेम माझ्याजवळ होते. ते मी त्या अभिमानासमोर उभेच केले नाही.

शारदाक्का, मी गोविंदरावांचा अपराधी आहे. हे वाक्य त्यांच्या उंबरठ्यावर, त्यांच्यासमोर उच्चारायचे होते. तो उशीर कोणत्याही तर्काने भरून निघणार नाही.

सुहृदहो, आता दोन मिनिटे उभे राहू या. त्यांच्या मतांचे परीक्षण तेवढा वेळ थांबवू या. डोळे भरून आले, तर पुसू नका. मीही पुसणार नाही.