हजार नावांची प्रार्थना

लुसाकाला जाणारी मिनीबस भरल्याशिवाय सुटणार नव्हती. पुढे बसलेल्या मुतिंताचे कान मागच्या बाकाकडे होते. तिथे लुयांडो आपल्या चर्चमधल्या मावशींना समजावत होता.

"तुमचा लॅपटॉप मेला नव्हता मावशी, आतली सिस्टीम बिघडली होती. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी, फुकटची सिस्टीम चालू केली आणि गाणी काढून घेतली."

"मलाही शिकव."

"सोपं आहे. फक्त 'वापरून पाहा' निवडायचं. 'इन्स्टॉल' केलंत तर सगळं पुसलं जाईल."

"मी तेच करणार होते रे."

"वाचलात."

"हे लिनक्स बनवलं कुणी? रविवारी चर्चमध्ये नाव घेऊन आभार मानते."

"हजारो माणसं आहेत, मावशी. नावं संपेपर्यंत चर्चमधल्या सगळ्यांची दुपारची न्शिमा, मक्याच्या पिठाची उकड, गार होईल."

"होऊ दे. ह्यांना पुरल्यानंतर आज पहिल्यांदा, त्या गाण्यांत, ह्यांचा आवाज ऐकला मी."