दर दोन घंट्याले कूस

माहं नाव वंदना, पन इथं पाऱ्यात, म्हनजे मोहल्ल्यात, समदे मले पिकोवाली आंटी म्हनते. बाबा रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून बदलीवर रायपूरले आले अन् इथंच राहून गेले, तर मी जन्मली इथंच, घरात मराठी, गल्लीत हिंदी अन् छत्तीसगढी, म्हनून माही भाषा अशी खिचडी आहे, तुम्ही लिहिताना सुधारून घ्या पाहिजे तर. लग्नही रायपुरातच झालं. आमचे हे भनपुरीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर होते, आवाज असा मोठा का ट्रकवाल्याईले फोन करायची गरजच नाई पडे. मी पंडरी बाजारातल्या एका दुकानाच्या साड्या घरी आनून फॉल-पिको करत होती, आताही करते. अन् झोपेचं म्हनाल तर काय सांगू तुम्हाले ताई, माही सासू सांगत फिरे, आमच्या सुनेच्या कानाशी बँड वाजवा, ही काई उठनार नाई.

मंग ह्याईले लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलनं गेलं, एवढा आवाजाचा मानूस अन् तोंडातून नुसतं आ आ निघे. दवाखान्यातल्या नर्स दीदीनं मले शिकवलं, दर दोन घंट्याले कूस बदलवत जा, नाई तर पाठीले जखमा होईन. दर दोन घंट्याले, दिवसा अन् रात्रीही. मी मोबाइलमध्ये अलार्म लावले, दहा, बारा, दोन, चार, सहा. पोट्ट्याले कसं उठवू, नितीनले सकाळी नोकरीवर जायचं राहे, तर मीच उठे, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, अन् वळवायचं. सहा वर्षं केलं ताई. पुढं पुढं तर अलार्म वाजायच्या आधीच माहा डोळा उघडे.

दोन वर्षं झाले, हे गेले. तेराव्यानंतर नितीननं स्वतः माह्या मोबाइलमधून अलार्म काढले, म्हने, आई, अब तुम आराम से सोओ. आमच्या पोट्ट्याले मराठी समजते समदी, बोलते हिंदीच. पन अलार्म मोबाइलमध्ये थोडीच होता. बाराले टक्क जागी, दोनले जागी, चारले जागी, अन् मंग मधातली झोपही गेली. जायफळाचं दूध पेली, तळपायाले तेल चोळलं, मेडिकलमधून गोळी आनली तर दुसऱ्या दिवशी न्हानीत पडली, डोकं फुटता फुटता राहिलं. अन् दिवसा अशी हालत का साडीले उलट्या बाजूनं फॉल लावून टाकला, एकदा नाई, तीनदा. मशीनची सुई बोटात गेली तर रक्त दिसल्यावर समजलं.

मंग सून मले सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सून इकडचीच, छत्तीसगढी घरची, प्रिया, चांगली आहे हं पोरगी, माह्या तोंडून तिच्याबद्दल वाईट नाई निघनार. तिथं एक जवान डॉक्टरीन आहे. मले वाटलं गोळी देईन, तिनं रोजच्या झोपेचा हिशेब लिहायले वही दिली. म्हने, आंटी, तुमची झोप बिघडली नाई, तिले चुकीची सवय लागली, आता नवीन लावू. रात्री बाराच्या आत पलंगावर जायचं नाई, साडेपाचले उठायचं म्हनजे उठायचं, रात्र कशीही जावो. झोप नाई आली तर पलंगावर तळमळत पडायचं नाई, उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली का मंगच परत. अन् दिवसा एक मिनिटही झोपायचं नाई. मी म्हनलं, बाई, जे दोन-तीन घंटे भेटून राहिले तेही काहून हिसकते? ती म्हने, भूक लागू द्या झोपेची.

भूक अशी लागली का मी वेडी व्हायची राहिली. भिंत हालताना दिसे. दुपारी डोळ्याले पानी लावू लावू बसे.

तेव्हा नात माह्याजवळ राहे, परी, अडीच वर्षांची. नितीन अन् प्रिया दोघं नवा रायपूरले नोकरीले, बसचा भरवसा नाई म्हनून गाडीवर जाते, संध्याकाळी येते. तर एक दिवस दुपारी तिले वरन-भात चारला अन् दारात टेकून बसली, झोपायले नाई बसली ताई, नुसती टेकली. डोळा उघडला तर पोट्टी नाई. पलंगाखाली नाई, न्हानीत नाई. मी तशीच बिना चपलेची धावली, अन् कोपऱ्यावरून गुपचुपवाला भैया, तुमच्याकडचा पानीपुरीवाला, तिले कडेवर घेऊन येऊन राहिला. म्हने, आंटी, मेन रोडवर उभी होती, ट्रक जाऊन राहिले होते. पोट्टी हसून राहिली होती, तिच्या हातात एक गुपचुप होती.

संध्याकाळी मीच सांगितलं प्रियाले, लपवलं नाई. चार दिवसांनी परीले झूलाघरात, म्हनजे पाळनाघरात, टाकलं. नितीन म्हने, आई, तुम्हारे आराम के लिए. मले समजते ना, कोनाच्या आरामासाठी ते. मीही तेच केलं असतं.

मी डॉक्टरनीले वही वापस करायले गेली. म्हनलं, नाई जमत. तिनं वही घेतली नाई, विचारलं, खुर्चीत बसता तेव्हा मनात काय येते? अन् ताई, जे मी नितीनलेही नाई सांगितलं ते तिच्यासमोर निघून गेलं. शेवटच्या महिन्यात एका रात्री मी अलार्म बंद केला. थकून गेली होती, बस. दहाले झोपली ते उजेड झाल्यावर उठली. किती गोड झोप होती, अजून आठवते, त्याचीच लाज वाटते. हे तसेच पडून होते, डोळे उघडे, मले पाहून राहिले होते, रात्रभर पाहत असनार, हाक मारायले तोंड नाई. पाठीले आधीच एक जखम झाली होती, ती फाटली होती. त्यानंतर ते सुधरलेच नाई त्यातून. डॉक्टरीन म्हने, एका रात्रीनं असं होत नसते, आंटी, तुमची चूक नाई. मी हव म्हनलं. तिच्याकडे अजून वीस मानसं बसली होती.

आता वही भरते रोज. परवा साडेबारा ते चार, एका दमात लागली, त्या रात्रीनंतर पहिल्यांदा. नितीन खुश झाला, प्रियानं चहा करून आनला. मी त्याईले नाई सांगितलं का चारले उठली तेव्हा माहे हात अंधारात पलंगभर कोनाले शोधून राहिले होते.

डॉक्टरीन म्हनते, लागन सवय, टाइम लागते. लागन. नाई लागली तर नाई लागन. रविवारी परी घरी राहते, दुपारी माह्याच मांडीवर येते, तिले दुसरीकडे झोप नाई येत म्हनते प्रिया, पन दार आतून लावून घेते अन् स्वतः तिथंच बसते. मी थोपटते. पोट्टी दोन मिनिटांत झोपते, तोंड उघडं टाकून. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहते, झोप कशी येते ते.

जा ताई तुम्ही आता, बसून बसून थकल्या असान. घरी जाऊन पडा जराशा. देव करो, डोकं टेकवल्याबरोबर डोळा लागो तुमचा.