तिसरा थांबा

केमिस्टताई : पाव तास झाला काका, निळी बाटली ठेवता, हिरवी उचलता. कापडाच्या दुकानात मीसुद्धा एवढा घोळ घालत नाही.

बसकाका : मग तुम्हीच सांगा. हिच्यावर लिहिलंय, पेशींना ऊर्जा. हिच्यावर, वय वाढलं तरी तब्येत तरुण. मला कुठली लागू पडेल?

केमिस्टताई : निळीवर धावणारा म्हातारा आहे, हिरवीवर धावणारी म्हातारी. मला एवढाच फरक दिसतो. आणि दात बघा दोघांचे, दोघंही तिशीतले असणार.

बसकाका : थट्टा नको ताई. खरंच विचारतोय.

केमिस्टताई : मग खरंच सांगते. दुकानात सगळ्यात जास्त नफा या फळीवर आहे, आणि परत येऊन ‘गुण आला’ म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. तुम्हाला होतंय काय?

बसकाका : थकवा. वयाचा.

केमिस्टताई : जिना चढताना?

बसकाका : जिना मी अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढतो.

केमिस्टताई : झोप लागत नाही?

बसकाका : पडल्या पडल्या लागते.

केमिस्टताई : मग हा थकवा राहतो कुठे? खिशात?

बसकाका : डोक्यात म्हणा. मधूनच विझल्यासारखं होतं. क्षणभर. म्हणून म्हटलं, ऊर्जा...

केमिस्टताई : विझतं म्हणजे? नीट सांगा.

बसकाका : घरी बोललेलो नाही. शाळेत तर नाहीच. पुढच्या महिन्यात आम्हा ड्रायव्हर लोकांची तपासणी आहे, आणि माझी दोनच वर्षं राहिलीत.

केमिस्टताई : मी काही शाळा नाही. बोला.

बसकाका : परवा सकाळची फेरी. दुसऱ्या थांब्यावर मुलं घेतली, दार लावलं. त्यानंतर एकदम चौथा थांबा.

केमिस्टताई : आणि तिसरा?

बसकाका : तेच ना. तिसऱ्याची मुलं आत बसलेली. म्हणजे मी थांबलो असणार, दार उघडलं असणार. मध्ये मोठा चौक आहे, तोही ओलांडला असणार. मला काही म्हणजे काही आठवत नाही.

केमिस्टताई : विचारात असाल. मीही कधी घरी पोचते आणि रस्ता आठवत नाही.

बसकाका : मीही मनाची तशीच समजूत घातली. पण गाडीतल्या मावशी म्हणाल्या, दोनदा हाक मारली, तुम्ही नुसते ओठ चाटत समोर बघत होतात. चौकात सिग्नल लाल होता म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी घरून भांडून आलोय.

केमिस्टताई : त्यानंतर पुन्हा?

बसकाका : आज सकाळी. थोडंच.

केमिस्टताई : आज.

बसकाका : अगदी थोडं, ताई.

केमिस्टताई : तिसऱ्या थांब्यावर माझी मुलगी चढते, काका.

बसकाका : माहीत आहे. दुसऱ्या दुकानात काही न विचारता बाटली मिळाली असती.

(ताई दोन्ही बाटल्या उचलून फळीवर ठेवतात.)

बसकाका : एक तरी राहू द्या. दुपारपुरती.

केमिस्टताई : मी डॉक्टर नाही. पण हे थकव्याचं लक्षण नाही, आणि बाटलीचं काम तर नाहीच नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, आजच. दुकान बंद करून मी येते बरोबर.

बसकाका : माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. गॅसवर दूध ठेवून विसरायचा, आम्ही हसायचो. शेवटी शेवटी मला ‘आपण कोण?’ म्हणायचा. अहो-जाहो करायचा हो मला. जन्मभर ज्याने कान पिळले, तो. डॉक्टरांनी माझंही तेच सांगितलं तर?

केमिस्टताई : मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू. दुपारची फेरी किती वाजता?

बसकाका : अडीचला निघायचं.

केमिस्टताई : एक वाजून गेला. फोन तुम्ही लावता की मी लावू?

बसकाका : मी सांगितलं तर नोकरी गेली.

केमिस्टताई : मी सांगितलं तर ती तक्रार होईल. आणि मी सांगणार, काका. अडीचच्या आत.

बसकाका : द्या इकडे... हॅलो, साहेब? सात नंबरच्या गाडीवरचा बोलतोय. दुपारच्या फेरीला दुसरा माणूस बघा... नाही, नाही साहेब. गाडीला काही झालेलं नाही.