चार बोटं उंच बांध

(खाडीचा बाहेरचा बांध. भर दुपार, अमावास्येची भरती. गावकरी लांब, आतल्या बांधावर उभे.)

मृणाली : बारा चाळीस! अंबाजीकाका, मोजपट्टीवर पाणी किती?

अंबाजी : दोनशे चौदा सेंटीमीटर. तुझ्या अंदाजाच्या कागदात काय हाय?

मृणाली : दोनशे चौदा! बरोब्बर! आता या खचलेल्या जागेवरून पाणी आत जायलाच हवं.

अंबाजी : जायला हवं, पन जात न्हाय. एक बोट खालीच थांबलंय बघ.

जनी : मग झालं तर! ठरलं तसं करा. पाणी आत आलं तर चारच्या ग्रामसभेत हा बांध सोडायचा आनि आतला उंच करायचा. न्हाय आलं, तर यंदाबी सगळ्या घरांनी इथंच माती टाकायची. दोन बांधांच्या मधलं माझं शेत वाचलं!

मृणाली : थांब आत्या. काल याच जागी बांध दोनशे सात होता. मी तीनदा मोजला.

अंबाजी : मग काय रातीत वाढला? बांध हाय का अळंबी?

मृणाली : वाढलाच आहे! इथली माती ओली आहे... ही बघा माझी कालची खुणेची खुंटी, आत गाडली गेलीय! पाणी चुकलं नाही काका, बांध चुकला!

अंबाजी : जने, नखं दाखव.

जनी : काय चोरी केली का मी? सकाळी चालले व्हते, खचलेलं दिसलं, टाकली चार टोपल्या माती. बांधावर खड्डा बघून तसंच पुढं जायचं?

अंबाजी : न्हाय, तसं न्हाय... तुझ्या मागनं मी आलो. मीबी दोन ढेकळं चोपली.

मृणाली : काका! तुम्ही तर बांध सोडायच्या बाजूचे!

अंबाजी : बाजू सभेत गं. बांधावर हात आपसूक चालतो.

मृणाली : अरे देवा! अख्खं गाव जमवलं, उधाणाचा दिवस निवडला, आणि तुम्ही दोघांनी प्रयोगच बुजवला!

जनी : तुझा प्रयोग, माझं शेत. आतली घरं माझ्या शेताच्या बदल्यात एकेक वाफा देनार म्हनतात. सभेत सगळेच देतात. पेरनीला किती देतील?

अंबाजी : माझा वाफा आजच लिहून घे. हिरीजवळचा.

जनी : हिरीजवळचा? व्हयनीला इचारलंस?

अंबाजी : तिनंच सांगितलाय. मी दुसरा देत व्हतो.

मृणाली : आत्या, बांध वाढवला होता हे मी सभेत सांगणार. पण ही माती मी काढणार नाही. तुझं शेत आहे.

जनी : पुढल्या वर्षी पाणी किती वर येईल?

मृणाली : नेमकं सांगता येत नाही. वर्षं जातील तसं वाढतच जाईल, एवढं नक्की. आणि खालून बांध खेकड्यांनी पोखरलाय. वर कितीही माती टाकली तरी एक दिवस फुटेल, तेव्हा आतलीही शेतं जातील.

जनी : आनि आपनच सोडला तर?

मृणाली : इथं खाऱ्या पाण्यातली तिवराची झाडं वाढतील. लाटांचा मार ती खातील, आतला बांध टिकेल. गाव टिकेल, आत्या!

जनी : म्हंजे माझं शेत गावाची राखन करनार.

मृणाली : हो.

जनी : फावडं दे.

अंबाजी : राहू दे जने, मी काढतो.

जनी : मी टाकली, मीच काढनार. सरक. पेरनीला अजून पंधरा दिस हायत, शेत मोकळंच हाय.

मृणाली : हळू... अजून थोडी... खुंटी दिसली! आलं! काका, आलं! बांधावरून पाणी चाललंय! सगळ्यांना हाक मारा!

अंबाजी : ओ मंडळी! इकडं या! पाणी आत आलं!

मृणाली : चार बोटं! आत्या, चार बोटं!

जनी : वरडू नको, पोरी. नीट मोज. चार वाजता मलाच सांगायचंय.